कारखान्याचं सत्र

बायकोला, रंजनाला, गच्चीबावलीत बढतीची जागा मिळाली तेव्हा शशिकांत करमरकरांनी भोसरीतली नोकरी सोडली आणि दोघं पुण्याहून हैदराबादला आले. भोसरीत शशिकांतनी अर्धं आयुष्य व्हॉल्व्हच्या कारखान्यात काढलं होतं. नव्या गावात करायचं काय, हा प्रश्न फार काळ टिकला नाही. मेडचलच्या पुढे एक खासगी अभियांत्रिकी विद्यापीठ नुकतंच नाव कमावू लागलं होतं. तिथे मुलं एक सत्र वर्गात शिकायची आणि पुढचं सत्र एखाद्या कारखान्यात काम करायची. मग पुन्हा वर्ग, पुन्हा कारखाना. सगळे त्याला को-ऑप म्हणत. कारखान्यातली सत्रं पुरी झाल्याशिवाय पदवी मिळत नसे. मुलांसाठी कारखाने शोधणारा, तिथे जाऊन त्यांच्यावर नजर ठेवणारा माणूस विद्यापीठाला हवा होता, आणि शशिकांतना कारखान्याशिवाय करमत नव्हतं.

काम त्यांच्या जिवाभावाचं झालं. फळ्यावर काढलेला व्हॉल्व्ह आणि हातात घेतलेला व्हॉल्व्ह ह्यांतलं अंतर त्यांना स्वतःला नोकरीला लागल्यावर कळलं होतं. ही मुलं ते विशीच्या आत शिकत होती. निम्मा आठवडा ते वर्ग घेत आणि उरलेला गाडी घेऊन एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात फिरत. मुलं त्यांना बघून हात पुसत पुढे यायची आणि एकदम सगळं सांगायला लागायची.

त्रिवेणी बिरादार ही त्यांतलीच एक. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची. तिचे आजोबा भालकीहून शेती सोडून हैदराबादेत आले होते. आता वडिलांचं, हणमंतरावांचं, सुलतान बाजारात ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान होतं, घर नारायणगुड्यात. त्रिवेणी शशिकांतशी मराठीत बोलायची, पण तिच्या मराठीत निम्मे शब्द दखनी आणि तेलुगू. पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, "सर, मला मराठी बोलता येतं, वाचायला नको सांगू. एक पान वाचायला पूर्ण शाम होते."

तिला व्हॉल्व्हच्या कारखान्यात पाठवायचं ठरलं तेव्हा हणमंतराव शशिकांतच्या खोलीत येऊन बसले. पांढरा सदरा, खिशाला पेन, बोलणं अतिशय अदबीचं.

"सर, पोरगी हुशार आहे ते मालूम आहे मला. पण कारखान्यात पोरगी म्हणल्यावर तिची आई परेशान झाली. पाण्याचं प्रेशर, मशिनी... तुम्ही बघितलाव का ती जागा?"

"बघितली आहे. माझा सगळा जन्म त्याच कामात गेला. आणि मी दर पंधरवड्याला जात असतो तिथे."

"हौ. मग तुमची नजर आहे म्हणल्यावर आम्ही काय बोलावं?" असं म्हणून ते उठले आणि दारातून परत वळून म्हणाले, "मेहरबानी झाली सर."

त्रिवेणीला चेरलापल्लीच्या बाजूला असलेल्या त्या कारखान्यात चाचणी विभागात काम मिळालं. तयार झालेला व्हॉल्व्ह बाकावर घट्ट बसवायचा, उघडी तोंडं प्लग लावून बंद करायची, आत पाणी भरून दाब चढवायचा आणि कुठून गळतं का ते बघायचं. बाकाच्या पुढे जाड पारदर्शक शील्ड असायची. काही उडालंच तर ती झेलायची. त्रिवेणीला ह्या कामाची गोडी लागली. शशिकांत गेले की ती त्यांना एकेक व्हॉल्व्ह दाखवायची.

"सर, गळायच्या आधी ना, तो घामेजतो. कास्टिंगवर अशी ओल येते. पुस्तकात हे नाहीच लिहिलेलं."

अशाच एका भेटीत शशिकांतना शील्ड जागेवर दिसली नाही. ती भिंतीला टेकवून ठेवली होती. ओरखडे पडून ती इतकी धुरकट झाली होती की पलीकडचं धड दिसत नव्हतं, आणि गळती तर डोळ्यांनीच पकडायची असते. माल लवकर बाहेर काढायचा म्हणून सगळे तिच्याशिवायच काम उरकत होते. शशिकांतनी काम थांबवायला लावलं. कारखान्याच्या व्यवस्थापकाला बोलावून आणलं. तो आला, पर्यवेक्षकावर ओरडला, शील्ड त्यांच्यादेखत बसवून घेतली. "नवीन मागवली आहे सर, या आठवड्यात येतेय," तो म्हणाला. शशिकांतनी त्रिवेणीला बाजूला घेऊन सांगितलं, "शील्ड नसेल तर बाकाजवळ उभं राहायचं नाही. कोणी काही बोललं तर मला फोन करायचा." तिने मान हलवली.

फोन आला तो त्रिवेणीचा नव्हता. शशिकांत विद्यापीठात वर्ग घेत होते. कारखान्यातला एक माणूस तेलुगूत भरभर बोलत होता आणि त्यातला एकच शब्द त्यांना नीट कळला: कन्नु. डोळा.

आटे झिजलेला एक प्लग दाबाखाली सुटला होता. जुनी शील्ड पुन्हा भिंतीशी गेली होती, नवी आली नव्हती. त्रिवेणीच्या डोळ्यांवर कारखान्याने दिलेला चष्मा होता. प्लग त्याच्यावर आदळला आणि काच फुटून डाव्या डोळ्यात गेली.

डोळ्यांच्या इस्पितळात शशिकांत पोचले तेव्हा हणमंतराव, त्यांची बायको तारामती आणि अकरावीत असलेला धाकटा मुलगा बबलू बाकावर ओळीने बसले होते. हणमंतराव त्यांना बघून उठून उभे राहिले. शशिकांतना वाटलं, आता हे आपल्याला बोलतील. बोलावं, असंही वाटलं. पण हणमंतरावांनी बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाले, "बसा सर. दूरून आलाव. बबलू, सरांना पाणी आण."

शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. डोळा काढावा लागला नाही, आकार वाचला, त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नजर येणार नाही."

तारामतींना तेवढं ऐकून कळलं नाही. त्यांनी शशिकांतकडे बघून विचारलं, "म्हणजे पट्टी काढल्यावर ना सर? पट्टी काढल्यावर दिसंल ना?"

डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना मराठीत सांगायचं काम शशिकांतवर आलं.

कंपनीने इस्पितळाचा खर्च केला आणि तिथे आपलं काम संपलं असं धरलं. विद्यापीठात बैठक झाली. एका बाजूला कंपनीचा व्यवस्थापक आणि त्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला अधिष्ठाता, विद्यापीठाचा कायदा सल्लागार आणि शशिकांत. कंपनीचं म्हणणं, ती आमची कामगार नाही, विद्यार्थिनी आहे, शिकायला पाठवली होती. सुरक्षिततेचं शिक्षण देऊन पाठवायची जबाबदारी विद्यापीठाची. विद्यापीठाचं म्हणणं, कामाच्या सत्रात मूल कंपनीच्या देखरेखीखाली असतं. दोन्ही बाजू एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होत्या. पुढच्या सत्राच्याही जागा ठरायच्या होत्या.

"शील्ड तिने स्वतः काढली," व्यवस्थापक म्हणाला.

शशिकांतना राहवलं नाही. "खोटं आहे. शील्ड आधीपासून काढून ठेवलेली असायची. मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुम्हीच माझ्यासमोर ती परत बसवलीत."

विद्यापीठाच्या सल्लागाराने पेन खाली ठेवलं. "करमरकर सर, म्हणजे तिथे धोका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तरीही तुम्ही तिला तिथे ठेवलंत?"

"मी व्यवस्थापकांना सांगितलं होतं. त्यांनी शब्द दिला होता."

"ते ठीक. पण मुलीला परत नाही आणलंत."

"नाही आणलं," शशिकांत म्हणाले. "मग माझी चूक धरा. माझ्यावर कारवाई करा. पण तिचं काहीतरी करा."

"तुमच्यावर कारवाई म्हणजे विद्यापीठाने चूक कबूल केल्यासारखं आहे," अधिष्ठाता मृदू आवाजात म्हणाले. "तुम्ही भावनेच्या भरात आहात. हे वाक्य आपण कुणी ऐकलं नाही असं समजू."

आणि खरोखरच ते कुणी ऐकलं नाही. बैठकीचा निष्कर्ष असा निघाला की घटना दुर्दैवी होती.

नामपल्लीला हणमंतरावांच्या ओळखीचे एक वकील होते. शशिकांत त्यांच्याबरोबर तिथेही गेले. साक्ष द्यायची तयारी आहे म्हणाले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. "केस उभी राहते," ते म्हणाले. "पण पहिला वाद होईल तो पोरगी कामगार होती की विद्यार्थिनी ह्याच्यावर. तेवढं ठरायलाच वर्षं जातील. आणि तोवर विद्यापीठात तिला शिकायचं आहे ना? ज्यांच्यावर केस, त्यांच्याच वर्गात?"

जिना उतरताना हणमंतराव म्हणाले, "जाऊ द्या सर. पोरीचं शिक्षण पुरं होऊ द्या. तेवढं झालं तर बस."

शशिकांतनी तेवढ्यालाच धरलं. निदान तेवढं आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटलं.

त्रिवेणी वर्गात परतली. डाव्या डोळ्याचा रंग फिका पडला होता, पण लांबून चटकन लक्षात येत नसे. ती रडल्याचं कुणी पाहिलं नाही. फक्त अंतराचा अंदाज गेला होता. पायरी उतरताना पाय हवेत चाचपडायचा. एकदा शशिकांत नारायणगुड्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा ती पेल्यात पाणी ओतायला लागली आणि धार पेल्याच्या बाजूला पडली. तारामतींनी बोलता बोलता, तिच्याकडे न बघता, पेला धारेखाली सरकवला. रोजची सवय झाल्यासारखा. त्रिवेणी हसून म्हणाली, "सर, आमच्या घरी आता पेला पाण्याजवळ येतो."

अभ्यासात ती मागे पडली नाही. वर्गाचं सत्र तिने पहिल्या पाचांत राहून पुरं केलं. मग पुन्हा कारखान्याचं सत्र आलं, आणि तिथे सगळं अडलं. तिचं मागचं सत्र अर्धवट राहिलं होतं, ते भरून काढायचं होतं. पुढचंही करायचं होतं. ते केल्याशिवाय पदवी नाही. आणि कुठल्याही कारखान्यात पाऊल ठेवायचं तर आधी डॉक्टरी तपासणी. तपासणीत दोन डोळे लागत.

शशिकांतनी ओळखीतला एकेक कारखाना पालथा घातला. त्रिवेणीला गाडीत घेऊन ते स्वतः जायचे. बालानगरला एका ठिकाणी सगळं जुळत आलं होतं. तपासणीनंतर सुरक्षा अधिकाऱ्याने हात वर केले. दुसऱ्या एका कंपनीत निव्वळ संगणकावर आरेखनाचं काम होतं. तिथे तिला घेतलं, ती आठवडाभर गेलीसुद्धा. मग मुख्य कार्यालयातून कळवण्यात आलं की प्रशिक्षणार्थींना साइटवर जावं लागतं, तेव्हा नियम सगळ्यांना सारखा.

पाटणचेरूच्या एका छोट्या कारखान्याचे मालक मात्र वेगळे निघाले. साठीचे, साधे गृहस्थ. त्यांनी त्रिवेणीशी तासभर गप्पा मारल्या, तिला एक बिघडलेला पंप दाखवला. तिने तो बाहेरून बघून, हात लावून, आतलं कुठलं बेअरिंग गेलं असेल ते सांगितलं. मालक खूश झाले. शशिकांतना वाटलं, झालं एकदाचं. चहा झाल्यावर मालकांनी त्यांना बाहेर नेलं.

"प्रोफेसर, मुलगी सोन्यासारखी आहे. माझ्या मुलालाही एवढी समज नाही," ते म्हणाले. "पण मला माफ करा. उद्या माझ्याकडे तिच्या दुसऱ्या डोळ्याला काही झालं तर? कारखाना आहे. मी कितीही काळजी घेतली तरी कारखाना आहे. मी तिच्या आईवडिलांना तोंड कसं दाखवू?"

बाकीच्यांशी ते भांडले होते, ह्या माणसाशी भांडता येईना. ते गाडीत येऊन बसले. त्रिवेणी मागे वळून कारखान्याकडे बघत होती.

"नाही म्हणाले ना?"

"हो."

"चांगले आहेत ते," ती म्हणाली. बराच रस्ता गेल्यावर ती पुन्हा बोलली. "सर, मी चुकीचं विचारत असेन तर सांगा. मी कारखान्यात होते म्हणून डोळा गेला. आता डोळा नाही म्हणून कारखान्यात घेत नाहीत. कारखान्यात गेल्याशिवाय डिग्री नाही. मग मी नेमकं काय करायचं होतं?"

बाह्यवळण रस्त्यावर ट्रकांची रांग होती. शशिकांत ट्रकांकडे बघत गाडी चालवत राहिले.

त्यांनी विद्यापीठाकडे सूट मागितली. कारखान्याऐवजी प्रयोगशाळेत काम करून सत्र भरू द्या, म्हणाले. अधिष्ठात्यांनी सहानुभूतीने ऐकलं. को-ऑप हीच आपली ओळख आहे, एकाला सूट दिली की उद्या दहा येतील, असं सांगितलं. त्याऐवजी दुसरी वाट काढली: त्रिवेणीने शाखा बदलावी, संगणकाकडे जावं, मात्र तिथे तिला दुसऱ्या वर्षापासून बसावं लागेल. नाहीतर दुसरं काम, शशिकांतच्याच कार्यालयात. कंपन्यांना फोन करायचे, मुलांच्या जागा ठरवायच्या. ते सत्र म्हणून धरता येईल का, ते बघू.

हे दुसरं शशिकांतनी तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

"मी फोन करून पोरांना पाठवू? कुठं, चेरलापल्लीला?"

पुढच्या महिन्यात तिने नाव काढून घेतलं. नारायणगुड्याजवळच्या एका महाविद्यालयात गणिताच्या पदवीला, पुन्हा पहिल्या वर्षाला बसली. दुपारी दुकानात जायची.

शशिकांतनी राजीनामा लिहिला. रंजनाने तो वाचला आणि टेबलावर ठेवला.

"दे. मी नको म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण तू गेलास की तुझ्या जागी जो येईल, तो शील्ड आहे की नाही ते तरी बघेल का?"

"मी बघितली होती ना. काय उपयोग झाला?"

रंजनाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. राजीनामा तिथेच पडून राहिला आणि सोमवारी शशिकांत कामावर गेले. आता ते प्रत्येक कारखान्यात बाकासमोर उभे राहून एकेक गोष्ट तपासायचे. त्या वर्षी दोन कंपन्यांनी विद्यापीठाला कळवलं की तुमचे प्रोफेसर फार त्रास देतात, आम्ही दुसऱ्या कॉलेजची मुलं घेऊ. अधिष्ठात्यांनी शशिकांतना बोलावून समजावलं. दुसऱ्या कॉलेजची मुलं त्या कंपन्यांत गेली.

पुढच्या प्रवेशांच्या दिवसांत एका सकाळी त्रिवेणीचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी.

"सर, पप्पा तुमच्याकडे निघालेत. बबलूला घेऊन. तुम्ही त्यांना नाही म्हणा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

कशाला नाही म्हणायचं ते तिने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. थोड्या वेळाने हणमंतराव दारात उभे राहिले. हातात मिठाईचा डबा. मागे बबलू, नवा शर्ट घालून.

"मेकॅनिकलला नंबर लागला सर. तुमच्याच इथं," हणमंतराव म्हणाले. "पाया पड रे सरांच्या."

बबलू वाकला. शशिकांतनी त्याला खांद्याला धरून उठवलं. त्याच्या खांद्याची हाडं हाताला लागली.

"हणमंतराव," ते म्हणाले, "इथे नका घालू त्याला."

हणमंतरावांना आश्चर्य वाटलं नाही. ते खुर्चीत बसले, डबा टेबलावर ठेवला. "त्रिवेणीनं फोन केला ना तुम्हाला? मालूम होतं मला."

"तिने केला नसता तरी मी हेच म्हणालो असतो. मी ह्याची काळजी घेऊ शकणार नाही. तुम्ही माझ्यावर विसंबला होतात, काय झालं ते बघितलंत. मी सांगतो, ओरडतो, लोक हो म्हणतात, आणि माझी पाठ वळली की जे व्हायचं ते होतं. माझ्या हातात काही नाही."

"हौ सर. ते समजलं मला तेव्हाच."

"मग?"

हणमंतरावांनी मुलाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "माझ्या भावाचा पोरगा साध्या कॉलेजातून इंजिनिअर झाला. दोन वर्षं घरी बसून आहे. हे इथले पोरं बाहेर पडले की कामाला लागतेत. दुकान आता चालत नाही, सगळे लोक फोनवर कपडा मागवतेत. तुम्हीच सांगा, कुठं पाठवू? तुम्ही म्हणताव तिथं पाठवतो. आत्ता सांगा, आत्ता इथून उठून तिकडं जातो."

ते खरंच उत्तराची वाट बघत होते. शशिकांतनी मनातल्या मनात एकेक कॉलेज घेतलं आणि टाकलं. कुठल्या ना कुठल्या कारखान्यात हा मुलगा जाणारच होता; इथून नाही तर दुसरीकडून, आणि दुसरीकडून गेला तर तिथे जाऊन बघणारंही कुणी नव्हतं. मग इथेच राहू द्या म्हणावं, तर ते पुन्हा हमी दिल्यासारखं झालं असतं.

"मला सुचत नाही," ते शेवटी म्हणाले.

"हौ ना," हणमंतराव हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "मलाबी नाही सुचलं."

बबलू चाचरत म्हणाला, "सर, मी सांभाळून राहीन. चष्मा कायम घालीन."

शशिकांतना त्याच्याकडे बघवेना. त्रिवेणीच्याही डोळ्यांवर चष्मा होता, हे त्याला ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून तो तसं म्हणत असेल. हणमंतराव उठले, नमस्कार केला. मुलाचा हात धरून ते जिना उतरून गेले. मिठाईचा डबा टेबलावर तसाच होता.

दुपारी शशिकांतनी त्रिवेणीला फोन लावला. मागे सुलतान बाजाराचा गलका ऐकू येत होता, एक बाई अस्तराचा रंग दाखवा म्हणून घाई करत होती.

"काय म्हणालात सर?"

"नाही म्हणालो."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, कुठे पाठवू. मला सांगता आलं नाही."

तिने गिऱ्हाइकाला तेलुगूत थांबायला सांगितलेलं शशिकांतना ऐकू आलं. मग कापड ओढल्याचा आवाज, कात्री चालल्याचा. फोन ठेवला की काय असं त्यांना वाटत होतं, तेवढ्यात तिचा आवाज आला.

"त्याचं ड्रॉइंग लई कच्चं आहे सर. सेक्शन काढताच येत नाही त्याला. आज शामपासून बसवते."

"हो," शशिकांत म्हणाले. "बसव."

"ठेवते सर. दुकानात गर्दी आहे."

त्यांनी फोन खाली ठेवला. पुढच्या सत्राच्या कंपन्यांना अजून कळवायचं होतं. समोरच्या मैदानात नवी मुलं आईवडिलांबरोबर प्रवेशाच्या रांगेत उभी होती, आणि उन्हाने त्रासलेली कुणाची तरी आई मुलाच्या डोक्यावर ओढणी धरून उभी होती.